बाहेरचे पाणी

रंगराव वडके यांनी कसब्यातल्या तांबट आळीत बसून उभा जन्म हंडे आणि बंब ठोकले. त्यांचे चिरंजीव अनंतराव, म्हणजे माझे यजमान, यांनी तांबे सोडून पत्रा हाती धरला आणि धायरीला शेड टाकून स्कूटरच्या पेट्रोलच्या टाक्या केल्या. अनंतरावांचा मुलगा सुदर्शन याने, देशाची दारे उघडल्यावर, परदेशी मोटारींच्या कंपन्यांना टाक्या पुरवल्या आणि त्या शेडचा कारखाना केला. तीन पिढ्या आम्ही एकच काम करत आलो: जे आत भरले ते बाहेर येऊ द्यायचे नाही. मग ते पाणी असो, तेल असो की पेट्रोल.

सुदर्शनाचा मुलगा अभिनव. त्याने विमान बांधले.

ते कसे बांधले हे सांगण्याआधी आमच्या घरावरचे देणे सांगितले पाहिजे. ते ठाऊक नसेल तर पुढे मी जे केले ते कोणाला कळणार नाही, आणि न कळता लोकांनी बोललेले मला चालत नाही.

एकसष्टच्या जुलैत पानशेतचे धरण फुटले तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. नदीचे पाणी आळीत शिरले तसे आम्ही सारे माडीवर चढलो. अनंतराव मात्र वडिलांची ऐरण आणायला खाली गेले आणि तुळईखाली पाय सापडून कारखान्यातच अडकले. धायरीचा ज्ञानदेव त्या दिवशी मंडईत भाजी उतरवून बहिणीच्या लग्नाचा हंडा न्यायला आळीत आला होता. आमचे त्याचे नाते गिऱ्हाइकाचे, त्यापलीकडे काही नाही. तो मुठेच्या काठी वाढलेला, पाण्याला न भिणारा गडी. तुळई उचलून त्याने यजमानांना बाहेर काढले, लग्नकार्याच्या एका मोठ्या कढईत बसवले आणि ती कढई ढकलत, पोहत तो आमच्या माडीखाली आला. मी वाकून यजमानांच्या काखेत हात घातले. ज्ञानदेवाने खालून दोन्ही हातांनी रेटा दिला. यजमान वर आले आणि त्याच क्षणी शेजारच्या घराची भिंत खाली आली. पाण्यावर धूळ उडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ज्ञानदेव पुन्हा दिसला नाही.

तेराव्याला मामंजी मला घेऊन धायरीला गेले. ज्ञानदेवाची बायको आनंदीबाई माझ्याच वयाची, मांडीवर तान्हा मुलगा. मामंजींनी चांदीची भांडी, शालजोडी, सारे ताट तिच्यापुढे सरकवले. तिने ते एका बोटाने परत सरकवले.

"माणूस दिलाय," ती म्हणाली. "त्याच्या बदली भांडी घेऊ व्हय?"

मामंजी उठले. उंबऱ्यावर थांबून ते म्हणाले, "पोरी, वडक्यांवर एका माणसाचे देणे झाले. मी फेडीन, नाहीतर माझा मुलगा फेडील, नाहीतर नातू, नाहीतर पणतू."

माणसाचे देणे कशाने फेडतात हे त्यांनी मला सांगितले नाही, आणि पुढे तेही गेले, यजमानही गेले, कारखान्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. त्यांच्याबरोबर हे देणेही आले.

पैशाचा प्रश्न कधीच नव्हता. पुणे धायरीपर्यंत पसरले आणि आनंदीबाईच्या वांग्यांच्या वाफ्यांवर सहामजली इमारती उभ्या राहिल्या. तिच्या बंगल्याला माझ्या घरापेक्षा दोन खोल्या जास्त आहेत आणि त्या तिने मला पहिल्याच भेटीत मोजून दाखवल्या. दर संक्रांतीला मी तिच्याकडे जाई, दर दसऱ्याला ती माझ्याकडे येई. जुन्या गोष्टीचा उच्चार आम्ही दोघींनीही केला नाही. तिचा एकुलता नातू पृथ्वीराज आमच्याच शेडमध्ये पत्र्याच्या कातरणांशी खेळत अभिनवबरोबर वाढला. लोणी काळभोरच्या कॉलेजातून तो मेकॅनिकल इंजिनियर झाला आणि दुसरीकडे नोकरी न शोधता आमच्याकडेच लागला. तो शेडमध्ये शिरला की माझी नजर आधी त्याच्यावरून एकदा फिरे: हातात मोजे आहेत ना, क्रेनखाली उभा नाही ना. माझ्या स्वतःच्या नातवाकडे मी इतके पाहिले नाही.

अभिनव संगणक शिकून कॅलिफोर्नियाला गेला आणि चार वर्षांनी हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर परत आला. त्याच्या मागोमाग लाकडी खोकी आली. घरी जोडायचे विमान! तिकडे हौशी माणसे गॅरेजात विमाने बांधतात म्हणे. पृथ्वीराज आणि तो, दोघांनी शनिवार-रविवार घालवून ते धायरीच्या शेडमध्ये जोडले. पांढरे, गुळगुळीत, दोन माणसांचे, एकामागे एक बसायचे. पंख इतके आखूड की मी विचारले, "बाकीचे पंख पुढच्या खोक्यात आहेत का?"

"आजी, हे फास्ट आहे," अभिनव म्हणाला. "ताशी तीनशे किलोमीटर. मोठे पंख हळू जाणाऱ्यांना लागतात."

दिल्लीहून कागद मिळाले आणि जिल्ह्याबाहेरच्या एका धावपट्टीवरून ते उडालेही. मी पाहिले आहे. बाण सुटावा तसे गेले. पण त्याला धावपट्टी लांब लागे आणि जवळपास तशी पट्टी मिळेना. एका रविवारी जेवताना अभिनवने वाटीत पळीभर आमटी घेतली, तिच्यावर लिंबाची फोड ठेवली आणि ती बोटाने पुढे ढकलली.

"आजी, पुण्यात धावपट्टी नाही. पण पाणी आहे."

"पाणी? आपल्याकडे दिवसाआड येते."

"धरणांचं म्हणतोय गं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी. चाकं काढायची आणि खाली फ्लोट लावायचे. दोन होड्या. पाण्यावर उतर, पाण्यावरून उड."

सुदर्शनने मान खाली घालून भात कालवला. त्याची ती नेहमीची संमती.

"कोणत्या पाण्यावर?" मी विचारले.

"पानशेत. तिकडची परमिशन मिळतेय."

ते नाव ऐकून माझा घास हातातच राहिला. पण मी नाही म्हटले नाही. वडक्यांच्या घरात पाण्याला भिऊन कोणी काम टाकलेले नाही, आणि ज्या कामात सांधा आहे ते आमचे काम आहे, असे मला वाटले.

अमेरिकेत तयार मिळणारे फ्लोट संथ विमानांसाठी केलेले, बोजड. म्हणून ते आपल्याच कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे करायचे ठरले. अभिनवने इंटरनेटवरून नकाशे काढले. आमचे जुने मिस्त्री श्यामसुंदर यांनी ते चष्मा कपाळावर सरकवून पाहिले.

"विमानाला पायताणं घालायची," ते म्हणाले. "माप कुठल्या पायाचं घेऊ?"

सारी शेड हसली. पृथ्वीराज तेवढा हसला नाही. संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला.

"आजी, मी अभिनवला सांगितलंय, तुम्हालाही सांगतो. ह्याचे पंख आखूड आहेत. ते वेगावरच हवेत राहतं, हळू झालं की पडतं. आणि पाणी हळू करतं. फ्लोट वजनाला भरले तर पाण्यावरून सुटताना ते ना धड होडी असेल, ना धड विमान."

"मग?"

"मग काही नाही. फ्लोट हलके पाहिजेत आणि कोरडे पाहिजेत. एक थेंब आत नको."

"थेंबाची काळजी तू करू नकोस," मी म्हणाले. "आमच्या घरचे भांडे गळत नाही."

ते वाक्य मी सहज बोलले. पंचेचाळीस वर्षे मी ते गिऱ्हाइकांना बोलत आले होते आणि एकदाही ते खोटे ठरले नव्हते.

पावसाळाभर काम चालले. नकाशात आकार दिलेला होता, जाडी दिलेली होती, रिव्हेटचे अंतर दिलेले होते. पत्र्यावर पत्रा कोणत्या अंगाने चढवायचा आणि सांधा कोणत्या बाजूने भरायचा, हे मात्र लिहिलेले नव्हते. ज्या देशात तो नकाशा काढला तिथे ते सर्वांना ठाऊक असणार. आमच्याकडे आमचे सर्वांना ठाऊक होते. आम्ही चढ तसाच दिला जसा हंड्याला, बंबाला, टाकीला देतात आणि सांध्याची फट बुजवायचा मसाला आतून भरला, कारण आतला दाब त्याला आणखी घट्ट बसवतो. फ्लोट तयार झाल्यावर चालीप्रमाणे परीक्षा घेतली. दोन्ही फ्लोट घोडीवर चढवले, टँकर बोलावून काठोकाठ पाण्याने भरले आणि खाली फरशीवर राखुंडी पसरली. राखेवर एक थेंब पडला तरी डाग उठतो. तीन दिवस ते पाणी धरून उभे राहिले. राख कोरडी होती. श्यामसुंदरांनी नारळ फोडला, मी दोन्ही फ्लोटना हळदकुंकू लावले. अभिनवने फोटो काढून अमेरिकेतल्या मित्रांना पाठवले.

थंडी पडल्यावर विमान सुटे करून ट्रकने पानशेतला नेले. धरणाच्या मागे, जिथे डोंगर दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरतात, तिथे एका खाडीसारख्या वळणात तंबू ठोकले. मीही गेले. सुदर्शन म्हणाला, "आई, थंडी आहे, तू कशाला?" मी म्हणाले, "थंडी मला ओळखते."

पहिल्या दिवशी विमान पाण्यावर ठेवले. डौलदार दिसले, हे मान्य केले पाहिजे. अभिनवने ते हळूहळू चालवले, वळवले, काठाला लावले. रात्री बाहेर न ओढता तिथेच खुंट्याला बांधून तरंगते ठेवले. सकाळी पहिले उड्डाण ठरले होते, आणि मागच्या बैठकीवर पृथ्वीराज बसणार होता. फ्लोट पुढे आले की शेपटी डगमगते म्हणून तिच्याखाली त्याने एक जादा पंख बसवला होता. तो कसा चालतो ते त्याला पाहायचे होते.

"तो नको," मी अभिनवला एका बाजूला घेऊन सांगितले. "दुसरा कोणीही बसव."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"आजी, शेपटीचं काम त्याचं आहे. त्याला खाली ठेवलं तर तो माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. आणि तुला माहितीये, मी त्याला काही होऊ देणार नाही."

"जसा नेशील तसा आणशील?"

"जसा नेईन तसा आणीन."

त्याने माझ्या पायाला हात लावला. त्याचे केस तेल नसलेले, मऊ, लहानपणी होते तसे होते. मी जाऊ दिले.

सकाळी आनंदीबाई आली. ड्रायव्हरने दार उघडले तरी ती उतरेना. मी गाडीपाशी गेले.

"उतरा की, आनंदीबाई. पाणी काठावर येऊन तुम्हाला गाडीतून ओढणार नाही."

"तुमाला काय म्हाईत वैनी, त्ये काय करंल?" ती म्हणाली. "ह्या पान्याखाली माझं म्हायेर हाय. धरान बांधलं तवा गेलं. मग हेच पानी फुटून खाली गेलं आन तुमच्या आळीत माझा मालक घेऊन गेलं. दोनदा घेतलंय यानं माझं. आज पोरगं बसतंय म्हून आले, न्हायतर ह्या काठाला पाय लावला नसता."

पन्नासहून अधिक वर्षांत तिने हे पहिल्यांदा उच्चारले. मग तिने पिशवीतून नारळ काढला, पाण्याकडे पाहिले आणि नारळ पुन्हा पिशवीत ठेवला.

"उडून परत आलं की फोडीन," ती म्हणाली. "आधी न्हाई."

वारा नव्हता. पाणी असे होते की डोंगर दोनदा दिसत होता, एकदा सुलटा आणि एकदा उलटा, आणि खरा कोणता ते विचारावे लागले असते. सुदर्शन एका नावाड्याबरोबर मोटारबोट घेऊन धरणाच्या भिंतीकडे गेला, कारण विमान त्या दिशेने पळून उठणार होते. तिथे कोणीतरी हवे. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. बोट लांब जाऊन ठिपका झाली.

अभिनव गुडघाभर पाण्यात उभा राहून हातपंपाने फ्लोट उपसत होता. फ्लोटला आतून कप्पे असतात आणि प्रत्येकाला वरून बूच. रोज सकाळी बूच काढून आत पाणी शिरले का ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत. डाव्या फ्लोटच्या मागच्या कप्प्यातून पाणी आले. तो उपसत राहिला आणि ते येत राहिले.

"किती आले?" मी काठावरून विचारले.

"थोडं येतंच आजी. सगळ्याच फ्लोटमध्ये येतं. नॉर्मल आहे."

"आपल्यात येत नाही."

"आता काढलं ना. झालं."

बूच लावून तो वर चढला. पृथ्वीराज मागे बसला. यंत्र सुरू झाले आणि पंख्याच्या वाऱ्याने पाण्यावर काटा आला. मी काठाला लागून उभी होते, विमानाची डावी होडी माझ्यापासून दोन हातांवर. पाणी तिच्या कडेवरून मागे सरकत होते आणि प्रत्येक सांध्यापाशी एक बारीक, पांढरी रेघ उठत होती. ती रेघ सांध्यावरून घसरून पुढे जात नव्हती. ती सांध्यात शिरत होती.

पत्र्यावर चढवलेल्या पत्र्याची तोंडे पुढे होती.

मी ते तेव्हा पाहिले. हंड्यात पाणी आत असते. चढ कोणत्याही अंगाला असला तरी ते उभे राहते आणि सांधा दाबून धरते. इथे पाणी बाहेर होते. ते समोरून येणार होते, धावत येणार होते, आणि आम्ही आमच्या हातांनी त्याच्यासाठी प्रत्येक सांध्याची फट उघडी ठेवली होती. आतून भरलेला मसाला बाहेरच्या दाबाने सुटणार, बसणार नाही. तीन दिवस राखेवर आम्ही जी परीक्षा घेतली ती भांड्याची घेतली. होडीची घेतलीच नाही. तीन पिढ्यांत बाहेरच्या पाण्याचा विचार करायची पाळी आमच्यावर आली नव्हती.

मी पाण्यात शिरले. लुगडे भिजले तरी फिकीर केली नाही. मी दोन्ही हात वर केले. अभिनवने यंत्र मंद केले आणि काच उघडली.

"उतरा," मी म्हणाले. "दोघेही. आत्ता."

"आजी, काय झालं?"

"सांधे उलटे आहेत. जितका वेगात जाशील तितके पाणी आत येईल. उतर."

त्याने वाकून होडीकडे पाहिले. तो हुशार मुलगा, त्याला कळायला क्षणही लागला नसावा. पण सहा महिने मित्रांना फोटो पाठवलेले, काठावर माणसे जमलेली, आणि रक्त माझेच.

"बरं, उडत नाही," तो म्हणाला. "फक्त एकदा पळवून पाहतो. किती पाणी शिरतं तेही कळेल. मग बाहेर ओढू."

"नाही म्हटले ना."

"एकदाच, आजी. पृथ्वी, तू उतर. वजन कमी होईल."

"मी नाही उतरत," पृथ्वीराज म्हणाला.

"पृथ्वीराज," मी म्हणाले, "उतर."

तो उतरला. दुसऱ्याच्या घरातले वडीलधारे माणूस बोलले की ऐकायचे, हे आनंदीबाईने त्याला शिकवलेले. आमच्या मुलांना मी बरेच शिकवले, पण आज्ञा द्यायला शिकवले. ऐकायला शिकवण्यात कमी पडले. पृथ्वीराज पाण्यातून माझ्याजवळ आला. काच बंद झाली. त्याच वेळी कुठूनतरी वारा सुटला, आणि तो धरणाकडून येत नव्हता, डोंगरातून, दरीच्या वरच्या अंगाकडून येत होता. विमानाला वाऱ्यासमोर पळावे लागते. अभिनवने तोंड फिरवले. बोट होती तिच्या उलट दिशेला.

मी ओरडले. यंत्राच्या आवाजात मला माझाच आवाज आला नाही.

विमान पळाले. आधी दोन्ही होड्या पाणी नांगरत गेल्या, मग वर उचलल्या, पाण्याच्या पाठीवर बसल्या, आणि क्षणभर सारे ठीक वाटले. काठावरच्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग नाक वर गेले. खाली आपटले. पुन्हा वर गेले, अधिक. बुजलेला घोडा जसा मागच्या पायांवर उभा होतो तसे. आत शिरलेले पाणी मागे धावत होते आणि शेपटी खाली ओढत होते. तो यंत्र बंद करील असे मला वाटले. त्याने केलेही असेल. पण तिसऱ्या उसळीला विमान न मागता पाणी सोडून वर आले आणि उडायला लागणारा वेग त्याच्यापाशी नव्हता. ते हवेत थांबले. मी खरेच सांगते, थांबले. डावा पंख खाली गेला, पाण्यात रुतला आणि सारे उलटून पडले.

आवाज नंतर आला.

लाटा काठाशी आल्या तेव्हा आमच्या होड्या आभाळाकडे पोट करून तरंगत होत्या. त्या बुडाल्या नाहीत. त्यांच्याखाली विमान होते, उलटे, आणि काच पाण्याखाली.

दूर सुदर्शनची बोट वळली. ठिपक्याच्या मागे पांढरी शेपटी उठली, पण ठिपका ठिपकाच राहिला.

पृथ्वीराजने शर्ट काढून फेकला. मी त्याचे मनगट धरले.

"आजी, सोडा."

"नाही."

"आजी, बोट यायला वेळ लागेल. काच बाहेरून उघडते, मला माहितीये कुठून. मी पोहोचतो."

"पोहोचशील."

"मग सोडा! तो आत जिवंत असेल!"

"असेल," मी म्हणाले.

पाण्यावर पेट्रोलचे रंग पसरत होते. एक तार तुटून वर आली होती आणि हलत होती. ज्ञानदेवाचा नातू माझ्या हातात होता आणि त्याचे सारे अंग पाण्याकडे ओढ घेत होते. पाण्यात वडक्यांच्या घरचा एक माणूस अडकला होता, आणि धायरीच्या घरचा एक माणूस त्याला काढायला निघाला होता. हे मी एकदा पाहिलेले होते. भिंत कोणत्या बाजूने खाली येते ते मला ठाऊक होते.

आनंदीबाई पाठीमागून आली. तिच्या पायांत वहाणा नव्हत्या.

"सोडा त्येला, वैनी," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले.

"सोडा. पोहतोय त्यो. माझं ऐका, पोरगं तुमचं हाय आत." तिचा आवाज फुटला. "मी सांगत्ये ना, मी! जाऊ द्या त्येला."

"तुम्ही सांगू शकत नाही, आनंदीबाई. हे तुमचे नाही. माझे आहे."

पृथ्वीराजने दुसऱ्या हाताने माझी बोटे उकलायला सुरुवात केली. सत्तरी उलटलेल्या बाईची बोटे, ती त्याने एका झटक्यात उकलली असती. दोन उकललीही. मग मी म्हणाले, "पृथ्वीराज, माझा हात झिडकारायचा असेल तर झिडकार. मला पाण्यात पाड आणि जा. त्याशिवाय तुला जाता येणार नाही."

तो मला पाडू शकला नाही. वडीलधाऱ्या बाईला धक्का द्यायचा त्याच्या हातांना सराव नव्हता, आणि मला ते ठाऊक होते. म्हणूनच मी तसे म्हणाले. तो गुडघ्यांवर बसला, पाण्यातच, आणि लहान मुलासारखा रडू लागला. मी मनगट सोडले नाही. आनंदीबाईने माझ्या खांद्यावर मुठी मारल्या. तिचा मार मला लागला नाही. मी होड्यांकडे पाहत होते. त्यांची पोटे उन्हात चकाकत होती, आणि आत गेलेल्या पाण्याचा एक थेंब बाहेर येत नव्हता. आतले पाणी धरून ठेवण्यात आम्ही कधीच कमी पडलो नाही.

बोट आली. नावाडी उडी मारून खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. सुदर्शन बोटीच्या कडेवर पालथा पडून हात पाण्यात घालून बसला होता. नावाड्याने खालून रेटा दिला आणि सुदर्शनने काखेत हात घालून आपल्या मुलाला बोटीत घेतले. ते ज्या रीतीने त्याला फळीवर निजवत होते त्यावरूनच मला कळले, आणि मग मी पृथ्वीराजचा हात सोडला. त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उमटले होते.

तो बोटीकडे धावला. आता धावायला हरकत नव्हती.

मी काठावरच्या दगडावर बसले. कोणीतरी शाल आणली, ती मी परत पाठवली. पूर्णिमेला, माझ्या सुनेला, हे कोणी सांगायचे, अशी कुजबुज चालली होती. "मी सांगेन," मी म्हणाले, आणि कुजबुज थांबली. नंतर चौकशी झाली, साहेब लोक आले, त्यांनी सांधे पाहिले आणि मला विचारले की हे कोणाच्या देखरेखीखाली झाले. मी माझे नाव सांगितले. श्यामसुंदरांचे सांगू दिले नाही.

पण ते नंतरचे. त्या सकाळी काठावर आनंदीबाई माझ्याजवळ आली. तिने नातवाच्या अंगाखांद्यावरून हात फिरवून पाहिला होता. तो हात अजून ओला होता.

"का धरलंत, वैनी?" तिने विचारले. "मी कंदी मागितलं हुतं का?"

"नाही."

"एवढ्या वर्सात एकदा तरी त्वांडातून काढलं का?"

"नाही काढलेत."

"मग?"

"मागितल्यावर देणे, हे आमच्या घराला शोभत नाही," मी म्हणाले.

ती माझ्याशेजारी खाली बसली, दगडावर नाही, मातीत, आणि तिने डोक्यावरचा पदर माझ्याही डोक्यावर ओढून घेतला. त्या पदराखाली मी पहिल्यांदा रडले, आणि ती माझ्याहून मोठ्याने रडली. पुढे बोट काठाला लागली. पृथ्वीराज आणि सुदर्शन, दोघांनी अभिनवला उचलून आणले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून. पृथ्वीराजचे पाय जमिनीवर नीट पडत होते. मी ते पाहिले.

रंगराव वडक्यांनी धायरीच्या उंबऱ्यावर एका माणसाचे देणे कबूल केले होते. पानशेतच्या त्या सकाळपासून धायरीच्या घराचे आमच्याकडे काहीही निघत नाही.